भरतीची वेळ, घंटेची वेळ: कोकणपट्टीवरच्या उपासनेची पार्श्वभूमी

रविवारी ड्यूटी असलेला वसईकर ख्रिस्ती आज शनिवारी संध्याकाळी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, जातो आणि तीच त्याची रविवारची मिस्सा धरली जाते. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की ती फार जुनी नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ‘धावपळीत देवासाठी वेळच उरत नाही’ असं तरुण जोडपी म्हणतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात अपराधीपणा असतो. जुन्या लोकांकडे वेळच वेळ होता, असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. वाडीत पाणी लावणाऱ्याकडे किंवा भरती बघून होडी लोटणाऱ्याकडे रिकामा वेळ कधी होता? उपासनेच्या वेळा कामाशी जुळवून घेत आल्या आहेत, आणि ही जुळवाजुळव फार जुनी आहे.

इ. स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारी न्यायदान आणि शहरातली कामं बंद ठेवण्याचा हुकूम काढला. त्यातच शेतकऱ्यांना सूट दिली, कारण पेरणीला योग्य असा दिवस पुन्हा मिळेलच असं नाही. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्या किनाऱ्यावर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि चर्चबरोबर घंटाही आल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ घंटा वाजायची. दुपारच्या घंटेची प्रथा युरोपात १४५६ मध्ये पोप कॅलिक्स्टस तिसरे यांच्या आदेशाने रुजली होती. घंटा झाली की हातातलं काम थांबवायचं, ‘नमो मारिया’ म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायचं. दोन-तीन मिनिटांचाच प्रकार, पण वेळ काढायची जबाबदारी एकट्या माणसावर नव्हती. घंटा सगळ्या गावासाठी वाजत होती, शेजारचाही थांबत होता. माझ्या मते आज नेमकी हीच गोष्ट हरवली आहे.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेत हाती आलेल्या घंटा आज नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला दिसतात. पोर्तुगीज पाद्री गेले तरी इथले कष्टकरी ख्रिस्ती इथेच राहिले, आणि देशी धर्मगुरूंनी उपासना चालू ठेवली. १७६० च्या सुमारास साष्टीतून (मुंबईच्या उत्तरेकडच्या बेटातून) गेलेला फ्रेंच प्रवासी आंकेतील द्यु पेरों याने मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती सण मोकळेपणाने साजरे होताना पाहिले.

चर्च लांब असेल, तर प्रार्थना दाराशी आली. वांद्र्याच्या गल्ल्यांतले काही क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीतले आहेत. ‘आम्हाला वाचव’ म्हणून आणि वाचल्यावर आभार मानायला लोकांनी ते उभारले. संध्याकाळी क्रूसापाशी जमायचं, जपमाळ आणि लितानी (आळीपाळीने म्हणायची विनवणीची प्रार्थना) म्हणायची, आणि पाच पावलांवरच्या घरी परतायचं. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना ठरला तो १८८३ मध्ये पोप लिओ तेरावे यांच्या पत्रामुळे.

रविवारची गोष्ट वेगळी. विरारहून मुंबईला पहिली गाडी १८६७ मध्ये सुटली आणि हळूहळू या पट्टीचा दिवस गिरणी-कचेरीच्या तासांना बांधला गेला. गिरणीत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. ती मिळाली १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागे होतं. आपल्या रविवारच्या मिस्सेवर सत्यशोधक चळवळीतल्या या माणसाचे उपकार आहेत. ते प्रवचनातून सांगितले जावेत, असं मला मनापासून वाटतं.

पाळीवर काम करणाऱ्याची अडचण तरीही होतीच. कम्युनियन (मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे, म्हणून मिस्सा सकाळीच. १९५३ मध्ये पोप पायस बारावे यांनी हा नियम सैल केला आणि संध्याकाळच्या मिस्सेला वाट मिळाली. १९६४ मध्ये उपवास एका तासावर आला. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची धरण्याला १९८३ च्या कॅथलिक चर्चच्या धर्मनियमसंहितेने सर्वत्र मान्यता दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांची सभा, १९६२–६५) मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, तेव्हा दमून आलेल्या माणसालाही शब्द थेट कळू लागले. प्रॉटेस्टंट मंडळींत हे काम आधीच झालं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) भजनं त्यांच्या उपासनेत कधीच रुळली होती.

आभार मानण्याला मात्र हंगामच लागत असे. गावठाणांतला आगेरा, म्हणजे नव्या पिकाचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो. नव्या भाताच्या लोंब्या विळ्याने कापतात, जुडी बांधतात, वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात आणि माणशी एक-दोन लोंब्या वाटल्या जातात. हिरवट-पिवळी, हाताला किंचित खरखरीत अशी ती लोंबी घरी येऊन अल्तारावर तसबिरीपाशी खोचली जाते. गोव्यात रायला हाच सण ५ ऑगस्टला होतो. कोळीवाड्यांत पावसाळी मासेमारीबंदी उठताना होड्यांना आशीर्वाद देतात. जाळं पाण्यात पडण्याआधीच देवाचं नाव घ्यायचं, हा त्यातला भाव मला फार मोलाचा वाटतो.

मुंबईच्या कित्येक गावठाणांत आता शेत उरलेलं नाही. लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, तरी मिरवणूक निघते. काहींना हा नुसता उपचार वाटतो, मला तसं वाटत नाही. भात दुसऱ्याने पिकवलं तरी जेवणारे आपणच आहोत.

सगळ्यात जास्त ताण पडला आहे तो घरच्या संध्याकाळच्या जपमाळेवर, कारण चर्चने मिस्सेच्या वेळा बदलल्या तशी घरातली वेळ बदलून देणारं कुणी नाही. सात वाजता घरात निम्मी माणसं नसतात, नऊच्या गाडीने येणारा थकलेला असतो. काही घरांनी जपमाळेच्या पाच दशकांऐवजी (एक दशक म्हणजे दहा ‘नमो मारिया’) जेवणाआधी एकच दशक धरलं आहे, काही घरांत गाडीत बसलेला मुलगा फोनवरून उत्तरं म्हणतो. जवळजवळ पाच शतकांची ही तडजोड पाहिल्यावर त्यांना कमी लेखायला माझं मन धजत नाही.