मफत, मोफत आणि बडोद्याची पुस्तकपेटी

आम्हा बडोदेकरांच्या बोलण्यात 'मोफत'पेक्षा 'मफत' जास्त येतो. पिढ्यान् पिढ्या गुजरातीच्या शेजारी राहिल्याचा हा परिणाम. मूळ शब्द फारसी, 'मुफ्त'. गुजरातीत त्याचा मफत झाला आणि भाजीवरच्या कोथिंबिरीपर्यंत पोचला. मराठीत मोफत झाला आणि सरकारी कागदावर जाऊन बसला. बोलण्यात उरला 'फुकट', तोही बहुतेक दुसऱ्याला नावं ठेवायला. इंटरनेट सगळ्यांना विनाशुल्क मिळावं का, हा वाद निघाला की घोटाळा इथूनच सुरू होतो. मागणारा मोफत म्हणतो आणि ऐकणाऱ्याला फुकट ऐकू येतं.

या गावाला मात्र हा वाद नवा नाही. इंटरनेटच्या जागी पूर्वी दुसऱ्या गोष्टी होत्या, एवढंच.

१८९३ मध्ये तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करून पाहिलं. अमरेली काठेवाडात, बडोद्यापासून लांब, चहूकडून दुसऱ्यांच्या मुलखानं वेढलेली. प्रयोग फसला तर बोभाटा कमी, असाही विचार असेल. तो माझा तर्क. प्रयोग फसला नाही. १९०६ मध्ये सक्ती साऱ्या संस्थानाला लागू झाली. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड होता आणि तो वसूलही होत असे. सक्ती आणि मोफत हे दोन शब्द त्या कायद्यात जोडीनं आले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सरकार एखादी गोष्ट करायलाच लावणार असेल, तर तिची फी कशी मागणार?

बडोद्याचा हा दाखला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी थेट कलकत्त्याला नेला. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या मध्यवर्ती कायदेमंडळात, प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. फार जपून केलेला मसुदा होता तो. सक्ती एकदम सगळीकडे नको, स्थानिक संस्थांना वाटेल तिथेच; आणि फी माफ, पण ज्या बापाची कमाई महिना दहा रुपयांहून कमी त्याच्याच मुलाला. म्हणजे गरिबाला मोफत, बाकीच्यांना नाही. एवढं सांभाळूनही १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पैसा कुठून आणायचा, हा विरोधकांचा एक मोठा मुद्दा होता. आजही वाद तिथेच अडतो.

तोवर बडोद्यात पुढचं काम सुरू झालं होतं. शाळेत शिकलेला मुलगा पुढे वाचणार काय? सयाजीरावांनी अमेरिकेच्या प्रवासात तिथली सार्वजनिक वाचनालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला. बोर्डन तीन वर्षं राहिले. तेवढ्यात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, ग्रंथपाल शिकवून तयार केले, बायकांच्या आणि मुलांच्या वाचनाची वेगळी सोय केली. महाराजांचा राजवाड्यातला स्वतःचा संग्रह या ग्रंथालयाला मिळाला. १९१२ पासून 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक निघू लागलं. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांतला मजकूर असे. मांडवीजवळची ग्रंथालयाची इमारत नंतरची. तिथले लोखंडी मांडणीचे मजले आणि पायाखालची जाड काच आजही पाहता येते. खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून ती काच.

पण खरी गोष्ट इमारतीची नव्हे, पेट्यांची. ज्या गावात वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकं लाकडी पेटीत भरून पाठवायची, वाचून झाली की पेटी परत, मग दुसरी. नेण्या-आणण्याचा खर्च संस्थानाचा. गावात पेटी सांभाळायला बहुधा शाळामास्तर. आणि गावाला स्वतःचं वाचनालय हवं असेल, तर हिशेब तीन हिश्श्यांचा: एक हिस्सा गावकऱ्यांनी उभा करायचा, एक प्रांत पंचायतीनं द्यायचा, एक सरकारनं. वाचणाऱ्याला पुस्तक मोफत. पण कुणी किती पैसे घातले ते गावात सगळ्यांना ठाऊक. शेकडो गावांत अशी वाचनालयं उभी राहिली. मोतीभाई अमीन यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव हिंडले नसते, तर नुसत्या हुकमावर ती चालली नसती, हेही खरं.

बडोद्याशी नातं असलेली आणखी एक व्यक्ती या विषयात डोकावते. हंसा मेहता या बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या आणि पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा इंग्रजी शब्द काढून 'सर्व माणसं' घालायला लावलं ते त्यांनी. त्या जाहीरनाम्यातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचली तर गंमत दिसते. कलम १९ म्हणतं, कोणत्याही माध्यमातून माहिती मिळवण्याचा आणि देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. कलम २६ म्हणतं, निदान प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं असावं. माहितीच्या कलमात 'मोफत' हा शब्द नाही, शिक्षणाच्या कलमात आहे. हक्क आणि मोफत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे.

इंटरनेटचा हक्क देणाऱ्या देशांनीही हाच फरक पाळला. फिनलंडनं १ जुलै २०१० पासून प्रत्येक नागरिकाला एक एमबीपीएस वेगाची इंटरनेट जोडणी मिळण्याचा कायदेशीर हक्क दिला. त्याची मोठी बातमी झाली, पण बातमीत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली: तो हक्क वाजवी दरात जोडणी मिळण्याचा होता, मोफत मिळण्याचा नव्हता. ब्रिटनमध्ये २०१९ च्या निवडणुकीत मजूर पक्षानं घराघरात मोफत ब्रॉडबँडचं वचन दिलं आणि पक्ष हरला. हरण्याची कारणं दुसरीच होती, पण कल्पनाही त्याबरोबर बाजूला पडली.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या हातून आणि फक्त चार महानगरांत. चित्रं दिसतील अशी जोडणी हवी असेल तर २५० तासांचे पंधरा हजार रुपये, वेग ९.६ केबीपीएस. पुढे बडोद्यातही सायबर कॅफे निघाले. रावपुऱ्यातल्या एका कॅफेत तासाचे पैसे भरून मी निकाल पाहायला गेलो होतो. पान उघडेपर्यंत तास संपला आणि निकाल शेवटी कॉलेजच्या फळ्यावरच वाचला.

२००२ मध्ये सरकारनं सार्वत्रिक सेवा निधी काढला. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातले पाच टक्के त्यात जमा व्हायचे आणि त्यातून खेड्यांत फोन पोचवायचे. पुढे ब्रॉडबँडही त्यात आलं. कंपन्यांनी भरायचे म्हणजे शेवटी बिल भरणाऱ्यानं भरायचे. म्हणजे गरिबाच्या जोडणीसाठी आपण सगळे वीस वर्षांहून अधिक काळ वर्गणी देतोच आहोत, फक्त तिची पावती मिळत नाही. त्यातली मोठी रक्कम वर्षानुवर्षं खर्चच झाली नाही. बडोद्याच्या तीन हिश्श्यांच्या हिशेबात हे चाललं नसतं. गावकऱ्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं असतं. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर जोडायची योजना मंजूर झाली, तिचं पुढे भारतनेट झालं. मुदती पुन्हा पुन्हा हुकल्या. फायबर पंचायतीच्या कचेरीपर्यंत येतं, तिथून घरापर्यंतचं अंतर थोडंच असतं. पण पेटी सांभाळणारा मास्तर या योजनेत नाही.

मग आलं २०१५. फेब्रुवारीत फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग सुरू केलं. पहिल्या सहा विभागांत महाराष्ट्र होता आणि गुजरातही. सुमारे तीन डझन साइट विनाशुल्क. बाकीचं इंटरनेट हवं असेल तर पैसे. नंतर त्याचं नाव फ्री बेसिक्स झालं. एअरटेलनंही एप्रिलमध्ये एक योजना आणली: साइटच्या मालकानं पैसे भरायचे, गिऱ्हाइकाला ती साइट मफत. लोक खवळले. दूरसंचार नियामकाकडे, म्हणजे ट्रायकडे, दहा लाखांवर ईमेल गेले. फेसबुकनं पानभर जाहिराती दिल्या. डिसेंबरच्या अखेरीस मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला आणि त्यात दाखला दिला तो वाचनालयाचा. वाचनालयात सगळी पुस्तकं नसतात, तरी त्यानं जगाचं भलंच होतं, असा त्यांचा युक्तिवाद.

बडोद्याच्या माणसाला हा दाखला जरा लागतो. आमच्या पेटीतही सगळी पुस्तकं नव्हती, मोजकीच होती, आणि ती निवडणारे संस्थानचे अधिकारी होते. त्यांची निवड सुधारणेच्या बाजूला झुकलेली असणार, हेही मान्य. पण पेटी भरणाऱ्याचा स्वतःचा छापखाना नव्हता. आपलं पुस्तक आत आणि दुसऱ्याचं बाहेर, अशी त्यात कुणाची कमाई नव्हती. आणि गावानं वर्गणी काढली की गाव आपलं वाचनालय मांडू शकत होतं. फ्री बेसिक्समध्ये वाचनालयाचा मालकच लेखक, प्रकाशक आणि वाचकांची नोंद ठेवणारा कारकून होता.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं नियम काढला: मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. मोडल्यास दिवसाला पन्नास हजार दंड. फ्री बेसिक्सनं भारतातून गाशा गुंडाळला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि मार्च २०१७ पर्यंत सगळंच मफत देऊन टाकलं. यात साइटची निवड नव्हती, म्हणून ट्रायच्या नियमाची आडकाठीही नव्हती. २०१४ च्या सुमारास एका जीबीला सरासरी अडीचशेहून जास्त रुपये पडत, २०१९ पर्यंत ते दहा-बारावर आले. मोफत इंटरनेट हवं कशाला, स्वस्त झालंय की, असं तेव्हापासून लोक म्हणू लागले. पण या चढाओढीत बऱ्याच कंपन्या उठून गेल्या आणि जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. गूगलनं रेल्वे स्टेशनांवर २०१६ पासून दिलेलं मोफत वायफायही २०२० मध्ये आवरतं घेतलं. कारण सांगितलं, डेटा आता स्वस्त आहे. स्टेशनांवरची सेवा रेलटेल या रेल्वेच्या कंपनीनं पुढे चालू ठेवली. दुकानदाराला परवान्याशिवाय वायफाय विकता यावं म्हणून डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी ही सरकारी योजना आली. जुन्या पीसीओची आठवण करून देणारी, स्वस्त पण मोफत नव्हे.

केरळनं मात्र पैशाचं उत्तर दिलं. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेट हा मूलभूत मानवी हक्क जाहीर केला, ५ जून २०२३ ला केफोन हे सरकारी जाळं सुरू केलं आणि वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी द्यायचं उद्दिष्ट ठेवलं. बाकीच्यांना दर. गोखल्यांची दहा रुपयांची रेघच ही, फक्त शंभर वर्षांनी पुन्हा ओढलेली. अशी रेघ सोयीची असते खरी, पण तिच्या जरा वर असलेल्या घराला ती फार खुपते.

मोफत आणि हक्क यांतला फरक गुजरातला आणखी एका बाजूनं कळला. सप्टेंबर २०१४ मध्ये बडोद्यात दंगल झाली तेव्हा शहरातलं मोबाइल इंटरनेट बंद केलं होतं. ऑगस्ट २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनात ते राज्यभर बंद झालं आणि उच्च न्यायालयानं बंदी योग्य ठरवली. २०१६ च्या फेब्रुवारीत तर तलाठी भरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून काही तास बंद. रिचार्ज भरलेला, फोन हातात, आणि नेट नाही. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर करावे लागतील. एप्रिल २०२५ मध्ये आणखी पुढे जाऊन डिजिटल सेवा सगळ्यांच्या आवाक्यात असणं जगण्याच्या हक्कात बसतं, असं म्हटलं. मोफत हा शब्द त्यातही नाही.

तो शब्द आला एका खासगी विधेयकात, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेल्या विधेयकात. डिसेंबर २०२३ मध्ये केरळचे खासदार व्ही. शिवदासन यांनी राज्यसभेत मोफत इंटरनेटच्या हक्काचं विधेयक मांडलं: इंटरनेट वापरायला अडथळा होईल असं कोणतंही शुल्क नागरिकाला भरावं लागू नये. खासगी विधेयकाचा कायदा होण्याची आपल्याकडची शेवटची वेळ १९७० ची. गोखल्यांचं विधेयकही सरकारचं नव्हतं. ते पडल्यानंतर शिक्षणाचा हक्क देशभर लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला, फिनलंडच्या एक एमबीपीएसच्या फक्त तीन महिने आधी.

त्या कायद्यानं खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा गरीब मुलांना मोफत मिळतात. गुजरातमध्ये त्याचा फॉर्म ऑनलाइनच भरायचा असतो. दांडिया बाजारात झेरॉक्सच्या दुकानासमोर त्या दिवसांत आयांची रांग लागते. दाखले स्कॅन करायचे, फोनवर आलेला ओटीपी सांगायचा, साइट अडकली तर संध्याकाळी परत यायचं. मोफत शाळेचा फॉर्म भरायचे पैसे दुकानदार पानागणिक घेतो. मांडवीचं ग्रंथालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.