डेल्टा-जी म्हणजे हाती आलेलं कार्य नव्हे

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही बी.एस्सी.च्या वर्गातली वही उघडा. 'मुक्त ऊर्जेतली घट म्हणजे उपयुक्त कार्य' हे वाक्य चौकटीत लिहिलेलं सापडतं. त्यातला 'कमाल' गळालेला असतो: मुक्त ऊर्जेतला बदल, म्हणजे डेल्टा-जी, फक्त जास्तीत जास्त किती कार्य मिळू शकेल तेवढंच सांगतो. परीक्षेत त्याचा अर्धा मार्कही जात नाही, म्हणून चूक पुढच्या वर्षीच्या वहीत जशीच्या तशी उतरते. मला ती खपत नाही, कारण त्या एका शब्दात थर्मोडायनॅमिक्सचा जवळजवळ सगळा दुसरा नियम आहे.

एन्थाल्पीबदलातून (स्थिर दाबाला आत-बाहेर होणारी उष्णता) तापमान आणि एन्ट्रॉपीबदल (ऊर्जा किती विखुरली त्याचं माप) यांचा गुणाकार वजा केला की डेल्टा-जी मिळतो, हे तुम्हाला पाठ आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

बीकरमध्ये मोरचुदाचं द्रावण घ्या आणि त्यात जस्ताचा तुकडा टाका. तांबं खाली बसतं, निळा रंग उतरतो, बीकर गरम होतं. २५ अंशांना, प्रमाण संहतीला, एका मोलमागे सुमारे २१९ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. उपयुक्त कार्य मिळतं शून्य. आता तेच जस्त आणि तोच मोरचूद डॅनियल सेलमध्ये वेगवेगळे ठेवा. सेलचा दाब १.१० व्होल्ट. बाहेरून जवळजवळ तेवढाच विरोधी दाब लावून करंट अगदी नाममात्र वाहू दिला, तर सुमारे २१३ किलोज्यूल विद्युत कार्य मिळतं आणि उष्णता म्हणून फक्त ६ किलोज्यूल जातात.

दोन्ही वेळा डेल्टा-जी किती? उणे २१३. सुरुवात तीच, शेवट तोच, म्हणून डेल्टा-जी तोच. तो फक्त दोन अवस्थांवर ठरतो, मधल्या वाटेशी त्याला देणंघेणं नाही. कार्य मात्र पूर्णपणे वाटेवर अवलंबून असतं. त्याच दोन टोकांमध्ये ते शून्यापासून २१३ पर्यंत कितीही निघू शकतं, आणि २१३ ला पोचायची वाट एकच, रिव्हर्सिबल, म्हणजे इतकी सावकाश की किंचित ढकललं तर उलटीही फिरेल. सेलवर बल्ब लावून खराखुरा करंट ओढलात की व्होल्टेज उतरतं आणि कार्य २१३ च्या खाली येतं. बीकरमध्ये जे २१३ किलोज्यूल निसटले, ते नष्ट झाले नाहीत, उष्णता होऊन हवेत गेले. त्यांना २९८ केल्विनने भागा: केल्विनमागे सुमारे ७१५ ज्यूल एन्ट्रॉपी नव्याने तयार झाली. हातचं गेलेलं कार्य मोजायची याहून स्वच्छ रीत मला माहीत नाही, आणि नेमकी हीच वर्गात गाळली जाते.

याला चिकटून आणखी एक गैरसमज चालतो: मुक्त ऊर्जा हा एन्थाल्पीचाच एक तुकडा, म्हणून तो नेहमी लहान असणार. कोळशातला कार्बन घ्या. जळताना एका मोलमागे ३९३.५ किलोज्यूल उष्णता निघते आणि मुक्त ऊर्जा घटते ३९४.४ ने. इथे एन्ट्रॉपी किंचित वाढते, त्यामुळे आदर्श वाटेने गेल्यास वरचा फरक भोवतालच्या उष्णतेतून येतो. भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रात मात्र कोळशाच्या उष्णतेचा साधारण एक-तृतीयांशच भाग वीज होतो. त्याचं खापर सरसकट कार्नोवर, म्हणजे उष्णतेतून कार्य काढण्यावर दोन तापमानांनी घातलेल्या मर्यादेवर, फोडतात. पण ज्वाळेत थेट जळणं आणि त्या प्रचंड तापलेल्या वायूंकडून कितीतरी कमी तापमानाच्या वाफेला उष्णता जाणं, या दोन्ही पायऱ्या मुळातच रिव्हर्सिबल नाहीत. टर्बाइन फिरण्याआधीच मोठा तोटा होऊन गेलेला असतो.

मुक्त ऊर्जा गिब्जची घ्यायची (वरचा जी तोच) की हेल्महोल्ट्झची, यावर उगाच पानं भरू नयेत. दाब स्थिर असेल तर गिब्ज, आकारमान स्थिर असेल तर हेल्महोल्ट्झ. हायड्रोजनपासून द्रव पाणी होताना एका मोलमागे पहिला २३७ किलोज्यूल देतो, दुसरा २३३. वायू आकसताना वातावरण जे कार्य करतं, तेवढाच तो फरक.

तापमान मात्र लिहाच. २३७ हा आकडा २५ अंशांचा आहे. मे महिन्यात भुसावळच्या ४५ अंशांत याच हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलची (इंधनातून थेट वीज देणाऱ्या सेलची) कमाल मर्यादा सुमारे २३४ वर येते.