कॅमेऱ्याची मूठ आणि माणसाचा हात

कॅननची पकड चांगली की निकॉनची, सोनीचा कॅमेरा दिवसभर काम करणाऱ्याच्या हाताला मानवतो का, फुजीफिल्मच्या जुन्या धाटणीच्या डायल खरोखर सोयीच्या आहेत की नुसत्या देखण्या, हे वाद छायाचित्रकारांमध्ये अनेक वर्षे चालत आले आहेत. अशा वादात प्रत्येक जण आपल्या हाताची साक्ष काढतो. ती साक्ष खोटी नसते. परंतु तो हात आधीच कुठल्या तरी एका कॅमेऱ्यावर घडलेला असतो, ही गोष्ट बोलताना निसटून जाते. म्हणून हाताच्या रचनेमुळे काय ठरते आणि सवयीमुळे काय ठरते, हे वेगळे करून पाहिले पाहिजे.

माणसाच्या हाताच्या पकडीचे दोन मूळ प्रकार जॉन नेपियर या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडले : हातोडा धरताना वापरतो ती ताकदीची पकड आणि सुई धरताना वापरतो ती नेमकेपणाची पकड. कॅमेऱ्याची अडचण अशी की, तो एकाच उजव्या हाताकडून दोन्ही कामे एकाच वेळी मागतो. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांनी वजन पेलायचे, आणि त्याच क्षणी तर्जनीने शटरचे बटण इतक्या हळुवारपणे दाबायचे की चौकट हलू नये. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात एकमेकांना लागून असतात. वजन पेलणारी बोटे ताणली गेली की तर्जनीही पूर्णपणे मोकळी राहत नाही. निरोगी हातालाही सेकंदाला सुमारे ८ ते १२ वेळा अतिसूक्ष्म कंप असतोच, आणि स्नायू थकले की तो वाढतो. करंगळीला टेकायला जागा मिळते की नाही हा प्रश्न त्यामुळे वाटतो तितका किरकोळ नाही.

वजनाबाबतचा गैरसमज याहून मोठा आहे. २०१३ मध्ये आलेला सोनीचा पहिला ए७ बॅटरीसह अर्धा किलोपेक्षाही हलका होता आणि त्या हलकेपणाचे रास्त कौतुक झाले. पण ७०-२०० मिलिमीटर, एफ/२.८ वर्गातील (दूरचे जवळ आणणाऱ्या, भरपूर प्रकाश घेणाऱ्या) त्या काळातील लेन्स दीड किलोच्या आसपास भरत. अशा लेन्सचा गुरुत्वमध्य मुठीपासून, म्हणजे कॅमेऱ्याच्या धरायच्या भागापासून, १२ सेंटिमीटर पुढे आहे असे धरले, तर डावा हात काढताच उजव्या मनगटाला पुढे झुकवणारा टॉर्क (फिरवणारा जोर) सुमारे पावणेदोन न्यूटन-मीटर होतो. कॅमेऱ्याच्या मुख्य भागातून ३०० ग्रॅम कमी केले, तरी ते वजन मुठीच्या जवळचे असल्यामुळे हा आकडा जवळजवळ तसाच राहतो. उलट मूठ उथळ झाली, तर तोच टॉर्क पेलण्यासाठी बोटांना अधिक जोराने आवळावे लागते. सतत आवळलेल्या स्नायूतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्तपुरवठा घटतो आणि थकवा लवकर येतो. मोठ्या लेन्सने काम करणाऱ्याला हलका कॅमेरा आरामदायक असेलच असे नाही, हे माझे मत या हिशेबावर उभे आहे. सोनीनेही ए७ मालिकेच्या पुढील पिढ्यांत मूठ खोल केली आणि वजन वाढू दिले. मला तो निर्णय योग्य वाटतो.

मूठ ही कल्पनाच तशी उशिरा आली. १९२५ च्या लायकाचा सपाट, आडवा आकार मुख्यतः फिल्मच्या प्रवासाने ठरवला होता, आणि तो पुढे अनेक दशके टिकला. १९८० च्या निकॉन एफ३ वर डिझायनर जॉर्जेत्तो जुजारो यांनी बोटांसाठी छोटा उंचवटा दिला. १९८६ च्या कॅनन टी९० मध्ये डिझायनर लुइजी कोलानी यांच्या सहभागातून गोलसर, हाताच्या वळणाने जाणारे शरीर आले आणि तर्जनीच्या टप्प्यात एक डायल बसली. १९८९ च्या कॅनन ईओएस-१ ने पाठीमागे अंगठ्यासाठी मोठी चकती दिली. आजचे बहुतेक कॅमेरे याच मांडणीचे वारस आहेत.

या मांडणीमागे साधे गणित आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवले की, लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तेथे अचूक पोहोचायला वेळ जास्त लागतो. त्या दृष्टीने वरच्या पृष्ठावरील आकडे कोरलेली डायल, कॅमेरा बंद असतानाही स्थिती दाखवत असली, तरी डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना गैरसोयीची ठरते; तर्जनीला शटर सोडून तिच्याकडे जावे लागते. या पेचाचे मला सर्वांत आवडते उत्तर ऑलिंपसच्या ओएम-१ मध्ये, म्हणजे १९७० च्या दशकाच्या आरंभीच, त्याचे रचनाकार योशिहिसा माइतानी यांनी दिले होते : शटरच्या वेगाची कडी त्यांनी लेन्सच्या बैठकीभोवतीच बसवली. फोकस, छिद्र (लेन्समधून प्रकाश येण्याची वाट) आणि वेग ही तिन्ही कामे लेन्सखालचा डावा हात करी आणि उजव्या हाताची पकड ढळत नसे.

सवयीचा भाग मात्र कोणत्याही मोजपट्टीपेक्षा भारी पडतो. निकॉनची लेन्स ज्या दिशेने फिरवून बसवतात, त्याच्या उलट दिशेने कॅननची बसते. झूमची कडीही बहुधा उलट फिरते. यांत कोणतीच दिशा शास्त्रीयदृष्ट्या श्रेष्ठ नाही, तरीही बदल करणाऱ्याचा हात कित्येक दिवस चुकत राहतो, कारण ही स्मृती विचारांत नसून हालचालीत मुरलेली असते. म्हणूनच एखाद्या कंपनीने आपल्या लहान-मोठ्या कॅमेऱ्यांत आणि पुढच्या पिढ्यांत बटणांच्या जागा सारख्या ठेवल्या, तर तो गुण मी मुठीच्या आकाराइतकाच मोठा मानतो. दोन कॅमेरे गळ्यात घालून काम करणाऱ्याला त्याचे मोल लगेच कळते.

दोन कंपन्यांची प्रामाणिक तुलना करायची असेल, तर आपली सर्वांत जड लेन्स लावून वीस मिनिटे काम करावे, डोळा न हलवता आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि फोकसचा बिंदू बदलावा, आणि पकड किती वेळा सैल करावी लागली ते मोजावे. चश्मा वापरणाऱ्याने चश्म्यासह, तर डाव्या डोळ्याने पाहणाऱ्याने त्याच डोळ्याने हे करावे, कारण डाव्या डोळ्याने पाहताना चेहरा पाठीमागच्या पडद्यावर येतो आणि अंगठ्याची जागा आक्रसते. आठवडाभर तोच कॅमेरा वापरल्यानंतर हीच मोजणी पुन्हा करावी. पहिल्या दिवशीच्या आकड्यांत जुन्या कॅमेऱ्याच्या सवयीचा मोठा वाटा असतो.