ऑझफेस्ट पहिल्याच वर्षी अमेरिकाभर फिरला नव्हता

हेवी मेटल संगीत ऐकणाऱ्यांच्या गप्पांत एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते: लोलापलूझा या अमेरिकी संगीत महोत्सवाने गायक ऑझी ऑस्बर्नला 'जुनाट' म्हणून नाकारलं, म्हणून त्याची बायको आणि मॅनेजर शॅरनने रागाने १९९६ मध्ये ऑझफेस्ट हा स्वतःचा मेटल महोत्सव सुरू करून देशभर दौरा काढला.

नकार खरा आहे, शॅरनने स्वतःच तो सांगितला आहे. 'देशभर दौरा' मात्र चूक. १९९६ चा ऑझफेस्ट अवघ्या दोन दिवसांचा होता: २५ ऑक्टोबरला फिनिक्स, २६ ला कॅलिफोर्नियातलं डेव्होर. स्लेयर, डॅनझिग, सेपल्टुरा अशा बँडची तगडी नावं होती, पण शहरं दोनच. लोक येतात हे दिसलं आणि मगच १९९७ मध्ये गाडी देशभराच्या दौऱ्यावर बाहेर पडली. सोबत पँटेरा, मॅरिलिन मॅन्सन आणि ऑझीसह त्याचा जुना बँड ब्लॅक सबाथ. ड्रमवर मात्र सबाथचा मूळ ड्रमर बिल वॉर्ड नव्हे, माइक बॉर्डिन.

फक्त ऑझीच्या नावावर ऑझफेस्ट वाढला, हेही मला पटत नाही. दुसऱ्या स्टेजला श्रेय द्यायलाच हवं. भर दुपारच्या उन्हात तिथे नवे बँड वाजवत; १९९८ मध्ये सिस्टिम ऑफ अ डाउन, १९९९ मध्ये स्लिपनॉट. त्यांच्यासाठी पोरं दुपारपासूनच हजर असत.