क्लॅम्प घेण्याआधी हे वाचा

क्लॅम्प म्हणजे काम घट्ट आवळून धरणारं अवजार. काउंटरवर बहुतेक ग्राहक "मजबूत, मोठा द्या" असंच सांगतात. त्याआधी आम्हाला सांगा, जोडायचंय काय आणि त्याची रुंदी किती? निम्मी निवड तिथेच होते.

घरच्या किरकोळ कामाला 4 इंची जी-क्लॅम्प (G च्या आकाराचा, स्क्रूने आवळायचा) पुरतो. फळी टेबलाला धरून करवत चालवायची असो की पत्र्याला भोक पाडायचं असो. पत्रा हाताने धरून ड्रिल कधीच मारू नका. बिट अडकलं की पत्रा गरकन फिरतो आणि हात कापतो. भराभर सरकवून लावायचा असेल तर एफ-क्लॅम्प (दांडीवर जबडा सरकणारा) बरा. दारं, टेबलाचे टॉप अशा रुंद कामाला सॅश क्लॅम्प (लांब दांडीचा) लागतो. तो महाग वाटला तर पाईप क्लॅम्पचे नुसते जबडे न्या. ते ज्यावर बसतात तो पाऊण इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाईप आटे पाडून हवा तेवढा लांब घेता येतो.

फळ्या जोडताना क्लॅम्प एक वरून, एक खालून असे लावा. सगळे एकाच बाजूने आवळले तर टॉपला बाक येतो. जबड्याखाली भंगारातली पट्टी ठेवा, नाहीतर लाकडावर वळ उठतात.

आवळायचं किती? सांध्याच्या कडेने गोंदाचे बारीक थेंब सगळीकडे सारखे दिसले की थांबा. त्यापुढे आवळलंत तर गोंद बाहेर जातो आणि सांधा आतून कोरडा पडतो. फट असेल तर आधी रंधा मारा. क्लॅम्पच्या जोरावर ओढून बसवलेली फट आज ना उद्या उघडतेच. चौकट आवळली की दोन्ही कर्ण टेपने मोजा. एक जास्त भरला तर क्लॅम्प थोडे त्याच्या दिशेने तिरके करा, चौकट काटकोनात येते.

एखाद्याच कामासाठी खरेदीची गरज नाही. खुर्चीचे पाय सुटले असतील तर चारही पायांभोवती सुतळीचे दोन-तीन वेढे घ्या, त्यात काठी घालून पीळ द्या आणि काठी आडव्या दांडीला अडकवा. वाकड्यातिकड्या तुकड्याला सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळा. ती कुठल्याही आकाराला धरते आणि वळही उठत नाहीत. फळ्यांसाठी आमची आवडती युक्ती पाचरींची. प्लायवर प्लास्टिक अंथरा, दोन पट्ट्या स्क्रूने पक्क्या करा, मध्ये फळ्या ठेवा आणि उरलेल्या जागेत दोन पाचरी एकमेकींना उलट ठोका. फळ्या वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून वर विटा ठेवा. चांगला क्लॅम्प देतो तेवढाच जोर याने मिळतो.

साध्या पांढऱ्या गोंदाला निदान तासभर हलवू नका, पावसाळ्यात त्याहून जास्त. वजन पेलायचं काम 24 तासांनंतरच.

येताना माप किंवा मोबाइलवर फोटो आणा. पाचरीवर भागत असेल तर तसंच सांगू.