नदीपात्राखालील बंद तेलवाहिन्यांची गळती

वापरातून काढलेली, पण नदीच्या तळाखालीच राहू दिलेली तेलवाहिनी गळू लागल्यावर करावयाच्या उपाययोजना. चालू वाहिनी फुटली की दाब घसरतो, नियंत्रण कक्षाला कळते, झडपा मिटवता येतात. बंद वाहिनीत दाबच नसतो. पाण्यावर पसरलेला तवंग हीच बहुधा पहिली खूण, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

जुन्या वाहिन्या नदीत चर खणून उथळ पुरलेल्या असत. पुरात तळ खरवडला जाऊन नळ उघडा पडतो. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात यलोस्टोन नदीखालची एक्सॉनमोबिलची वाहिनी जुलै २०११ च्या पुरात फुटून सुमारे १,५०० पिंपे तेल सांडले. जानेवारी २०१५ मध्ये याच नदीत ग्लेन्डाइव्हजवळ दुसरी वाहिनी फुटली. तेल बर्फाखाली गेले, गावाच्या नळाच्या पाण्यात बेंझीन हे तेलातील विषारी रसायन उतरले. बर्फात चरे कापून तेल उपसावे लागले. या दोन्ही वाहिन्या चालू होत्या. बंद वाहिनीवर तर पुरानंतर नजर ठेवणारेही कोणी नसते.

तवंग दिसताच आधी खालच्या अंगाच्या गावांचे पाणी उपसणे थांबवावे लागते. मग तरंगते अडसर टाकतात. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३५ सेंमी.पेक्षा जास्त असेल, तर आडव्या अडसराखालून तेल निसटते. म्हणून तो तिरपा बांधून तेल काठाकडे वळवतात व तिथे शोषून घेतात. तेल नेमके कोणाचे, हे प्रयोगशाळेत नमुने जुळवून ठरवतात.

खरी कसोटी वाहिनी रिकामी करताना लागते. तेल हलके असल्याने छिद्रातून पाणी आत शिरते आणि तेवढेच तेल बाहेर पडते. गळती त्यामुळे संथ, पण चिवट असते. पाण्याचा जोर लावून नळ धुवायला गेल्यास तेल छिद्रातूनच नदीत जाईल. म्हणून पाणबुडे छिद्रावर पकड बसवतात, काठावर नळाला भोक पाडून तेल ओढून घेतात.

अमेरिकी नियमांनुसार वाहिनी सोडून देताना ती रिकामी करून तोंडे बंद करणे आणि ती जलवाहतुकीच्या नदीखालून जात असल्यास तसा अहवाल देणे बंधनकारक आहे. नुसती वापरात नसलेली, तेल भरलेली वाहिनी कायद्याने चालूच मानली जाते. हा नियम अत्यंत रास्त आहे. मालक सापडला नाही, तर १९९० च्या तेलप्रदूषण कायद्याखालील निधीतून खर्च होतो. वाहिनी उपसून काढताना तळ ढवळला जातो, म्हणून ती साफ करून पुष्कळदा जागीच सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरतात.