‘पानंच येत नाहीत’ : एका तक्रारीची पार्श्वभूमी

रविवारी सकाळी इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे-जिलबी संपेपर्यंत आमच्या टेबलावर तीन मतं पडली होती. मावसभाऊ फोनवर ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांनी लढायचा खेळ खेळत होता आणि नुकताच मेला होता. “दादा, सगळा नशिबाचा खेळ आहे रे. पानंच येत नाहीत.” त्याच्या मोठ्या बहिणीने हा खेळ चारही पात्रं घेऊन कधीच पार केलाय. ती म्हणाली, “पानं येत नाहीत म्हणजे काय? नको ती पानं तूच उचलतोस.” तिसरा तिच्या ऑफिसातला, सुपर कॉरिडॉरवर नोकरीला असलेला. त्याचं दुखणं वेगळंच. “राक्षस आहेत, जादू आहे, तलवारी आहेत, पण गोष्ट कुठे आहे? याला रोल-प्लेइंग कोण म्हणतं?”

या जातीच्या खेळांना डेकबिल्डर म्हणतात. हातात मोजकी, साधी पानं घेऊन निघायचं, प्रत्येक लढाईनंतर एखादं नवं पान कमवायचं आणि असा घडवलेला कॅट घेऊनच पुढच्या राक्षसासमोर उभं राहायचं. गेली सात-आठ वर्षं मी असे खेळ खेळतोय आणि त्यांच्याबद्दल लोक काय बोलतात तेही ऐकतोय. तक्रारी फिरून फिरून याच तीन. त्यांचं मूळ या खेळांच्या वंशावळीत आहे असं मला वाटतं. एक घराणं पत्त्यांचं, दुसरं गोष्टीचं, आणि खेळाडूला दोघांनी दिलेला शब्द वेगवेगळा.

पत्त्यांच्या घराण्याबद्दल इंदूरच्या मराठी घरांत फार सांगायला नको. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर मेंढीकोट चाले, आणि माणसं तीनच उरली की पाच-तीन-दोन, ज्याला इथली हिंदी ‘तीन दो पाँच’ म्हणते. त्या खेळासाठी बावन्न पानांतली दुर्रीपासून छक्क्यापर्यंतची पानं बाजूला काढायची, सत्त्या फक्त बदाम आणि इस्पिकच्या ठेवायच्या, म्हणजे तीस पानं उरतात, प्रत्येकाला दहा. कॅट छाटला की खेळ धारदार होतो हे आम्हाला आठव्या वर्षी ठाऊक होतं. आपण तसं शब्दांत कधी मांडलं नाही, इतकंच.

पत्त्यांवर अद्भुत जग रंगवणं हेही आपल्याला परकं नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात गोल पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा, अशी एकूण १२०. पाच रंगांत एक्का भारी आणि दश्शा हलका, उरलेल्या पाचांत बरोबर उलटं. दिवसा डाव ज्याच्याकडे राम आला त्याने सुरू करायचा, रात्री कृष्णवाल्याने. डेकबिल्डर खेळणाऱ्यांना हे वाचून घरी आल्यासारखं वाटेल. पण गंजिफा आणि आजचे हे खेळ यांच्यात थेट नातं आहे, असा दावा मी करणार नाही. तो ओढूनताणून आणलेला अभिमान होईल.

थेट नातं १९९३ पासून लागतं. रिचर्ड गारफिल्ड हा गणिती. प्रकाशकाला अशा खेळाची गरज होती जो सोबत नेता येईल आणि पटकन संपेल. त्यातून ‘मॅजिक : द गॅदरिंग’ आला. त्याआधी पत्त्याचा कॅट सगळ्यांना एकच असे, वाटप झालं की आपलं नशीब. मॅजिकमध्ये प्रत्येकाने आपला कॅट घरून बांधून आणायचा. म्हणजे अर्धा डाव टेबलावर बसण्याआधीच खेळून झालेला! फक्त पानं पाकिटांतून विकत घ्यावी लागत आणि आत काय निघेल हे माहीत नसे. ‘ज्याच्या खिशात पैसे तो जिंकतो’ ही तक्रार तिथे जन्मली आणि अजून जिवंत आहे. आमच्या शाळेत डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं होती तेव्हा हीच बोंब होती, फक्त मॅजिकचं नाव कोणी ऐकलं नव्हतं.

१९९७ मध्ये मायक्रोप्रोझने मॅजिक कॉम्प्युटरवर आणला. त्यात शांडलार नावाच्या जगात हिंडायचं, लढायचं, पानं जिंकायची. म्हणजे पत्ते आणि भटकंतीची गोष्ट यांची सोयरीक तेव्हाच झाली होती. पण ती तिथेच थांबली.

मग २००८. डोनाल्ड एक्स. व्हॅकरिनो यांचा ‘डोमिनियन’ हा डब्यातला खेळ, ज्याला पुढच्याच वर्षी जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात हुशार चाल हीच. पाकिटं नाहीत, श्रीमंत-गरीब नाही. सुरुवातीला सगळ्यांना तीच दहा पानं : सात तांब्याची नाणी आणि तीन इस्टेटी. दर पाळीला पाच पानं ओढायची, नाण्यांनी टेबलावरचं नवं पान विकत घ्यायचं, सगळं टाकलेल्या गठ्ठ्यात घालायचं आणि गठ्ठा संपला की पिसून पुन्हा ओढायचं. कॅट बांधणं हाच खेळ. खिशाची तक्रार एका फटक्यात निकालात.

तिच्या जागी दुसरी उभी राहिली. डोमिनियनमध्ये चॅपल नावाचं एक स्वस्त पान आहे, किंमत दोन नाणी. त्याचं काम एवढंच : हातातली चारपर्यंत पानं कायमची फेकून द्या. नवखा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आपली पानं आपणच फेकायची? त्यासाठी पैसे मोजायचे? मुरलेला खेळाडू मात्र बऱ्याच डावांत तेच आधी उचलतो, कारण कॅट बारीक झाला की कामाचं पान लवकर लवकर हाती येतं. पाच-तीन-दोनवाल्यांना हे कळायला हवं, तरी कळत नाही, कारण तिथे छाटणी आधीच ठरलेली असते आणि इथे ती आपल्याला सुचावी लागते. मावसभाऊ आणि त्याच्या बहिणीचं भांडण शब्दशः या चॅपलवरचं भांडण आहे. तो प्रत्येक लढाईनंतर समोर आलेल्या तीन पानांतलं एक उचलतोच, फुकट मिळतंय म्हणून. ती कित्येकदा तिन्ही नाकारते.

दुसऱ्या घराण्याकडे वळू. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला आणि रोल-प्लेइंग या शब्दाला अर्थ मिळाला : तू कोणीतरी हो, तुझं पात्र अनुभवाने वाढेल, तुझ्या निवडीने गोष्ट वळेल. त्याच परंपरेतला, पण थोडा वाट चुकलेला मुलगा म्हणजे १९८० चा ‘रोग’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ. दर वेळी नवं भुयार, आणि मेलात की पहिल्यापासून. जपतो ती गोष्ट, वाढवतो ते पात्र, आणि मग एका चुकीत दोन्ही पुसून टाकायचं! रोल-प्लेइंगच्या मूळ वचनाशी ही सरळ फारकत होती. सुपर कॉरिडॉरवाल्या मित्राची नाराजी इतकी जुनी आहे. जपानी कंपन्यांनी मधल्या काळात, २००३ चा ‘बातेन काइतोस’ किंवा २००४ चा ‘किंगडम हार्ट्स : चेन ऑफ मेमरीज’, लांबलचक गोष्टीत पत्त्यांची लढाई घालून पाहिली. गोष्ट हवी असणाऱ्यांना पत्ते आडवे येत, पत्तेवाल्यांना गोष्ट.

दोन्ही घराणी खऱ्या अर्थाने एकत्र आली २०१४ मध्ये, पीटर व्हेलन यांच्या ‘ड्रीम क्वेस्ट’मध्ये. चित्रं अशी की पाचवीतल्या पोराने पाठकोऱ्या कागदावर काढलीत वाटावं. त्यावर लोक हसले, पण ज्यांनी खेळला ते चिकटले. डोमिनियनचं कॅट घडवणं अधिक ‘रोग’चं मरण, हे सूत्र तिथे दिसलं. व्हेलन पुढे ‘हार्थस्टोन’ या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळाच्या चमूत गेले.

त्या सूत्राला रूप दिलं अँथनी जिओव्हानेट्टी आणि केसी यानो या दोघांच्या मेगाक्रिट कंपनीने. ‘स्ले द स्पायर’ नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला आला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाला. सुरुवातीचे आठवडे विक्री थंडच होती, मग स्ट्रीमरांनी, म्हणजे आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवणाऱ्यांनी, उचलला. पहिलं पात्र आयर्नक्लॅड, दहा पानं : पाच वार, चार बचाव, एक तडाखा. पाळीला पाच पानं आणि ती खेळायला तीन एनर्जी. दुकानात पैसे देऊन पान काढून टाकता येतं, पहिल्यांदा ७५ मोहरा, पुढे दर वेळी २५ जास्त. चॅपलचीच नात!

पण त्यांची खरी करामत शत्रूच्या डोक्यावर आहे. पुढच्या पाळीत तो किती जोराचा घाव घालणार की नुसता बचाव करणार, हे आधीच दिसतं. माझ्या आत्याला, जी मेंढीकोटात समोरच्याच्या चेहऱ्यावरून दश्शा कुठे आहे ते ओळखते, मी एकदा हे दाखवलं. ती म्हणाली, “त्याची चाल उघडी दिसते? मग नशिबाच्या नावाने काय रडता!” खेळ न खेळता तिने दिलेला हा अभिप्राय मला कित्येक लांबलचक मतांपेक्षा नेमका वाटतो. नशीब पानं ओढण्यात आहे, समोरच्याच्या चालीत फारसं नाही. तरी दर हरलेल्या डावानंतर ‘आरएनजीने मारलं’, म्हणजे खेळातल्या नशिबाच्या यंत्राने मारलं, हे वाक्य येतंच.

मेगाक्रिटने लोकांच्या बोलण्यावर आणखी एक उतारा शोधला. खेळाडूंच्या डावांची आकडेवारी ते गोळा करत : कोणतं पान किती जण उचलतात, ते उचललेले किती जिंकतात, कोणत्या राक्षसाकडून किती मरतात. त्यावरून दर काही दिवसांनी पानांची ताकद कमी-जास्त होई. २०१९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये जिओव्हानेट्टी यांनी याच पद्धतीवर भाषण दिलं. ‘हे पान बेकार आहे’ असं सांगणाऱ्या खेळाडूचं मत आता त्याच्याच डावांशी ताडून बघता येऊ लागलं. उत्तम पद्धत, यात वाद नाही. मला मात्र त्यात थोडं खटकतं. एखादं पान जिंकून देत नसलं तरी खेळायला मजेचं असू शकतं, आणि मजा त्या तक्त्यात सहज मावत नाही.

पुढची मंडळी भराभर आली. ‘मॉन्स्टर ट्रेन’ २०२० मध्ये. ‘ग्रिफ्टलँड्स’ २०२१ मध्ये पूर्ण झाला. त्यात लढाईचा एक कॅट आणि बोलाचालीचा दुसरा, म्हणजे समोरच्याला पटवायचं तेही पत्त्यांनी. गोष्टवाल्यांची तक्रार इतकी मनावर घेतलेला दुसरा खेळ मला आठवत नाही. त्याच वर्षी डॅनियल मलिन्स यांचा ‘इनस्क्रिप्शन’ आला. अंधाऱ्या केबिनमध्ये सुरू होतो आणि अर्ध्यावर आपलं रूपच बदलतो. त्यावर मतं सरळ फाटली. एकांना ती उडी ग्रेट वाटली, दुसऱ्यांना केबिनच हवी होती, पुन्हा पुन्हा, न संपणारी. मलिन्स यांनी २०२२ मध्ये ‘केसीज मॉड’ हा फुकट भाग देऊन दुसऱ्यांचीही हौस पुरवली. गोष्ट हवी का डाव हवा, या प्रश्नावर एकाच माणसाने दोन्ही बाजूंनी उत्तर दिलं.

मतं मांडली कुठे जातात याचाही परिणाम मतांवर होतो. स्टीम या कॉम्प्युटर खेळांच्या ऑनलाइन दुकानाने नोव्हेंबर २०१३ मध्ये खेळाडूंची परीक्षणं सुरू केली तेव्हा पर्याय ठेवले दोनच, अंगठा वर किंवा खाली. शेजारी लिहिणारा किती तास खेळला तेही दिसतं. २०१५ पासून परताव्याचा नियम आहे : घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत. त्याच वर्षी स्टीमवर रुपयांत किंमती लागल्या आणि आमच्याकडे जेल रोडवरच्या सीडीतून खेळणाऱ्यांपैकी काही जण प्रथमच खेळ विकत घेऊ लागले. आता हिशोब करा. डेकबिल्डरमध्ये दोन तासांत एखाद-दोन डाव होतात आणि नवखा ते हरतोच. परतावा घ्यायचा की नाही हे त्याला नेमकं तेव्हाच ठरवावं लागतं जेव्हा चॅपलची गोष्ट त्याच्या डोक्यात शिरलेली नसते. म्हणून या खेळांखाली दीड तासवाले खाली अंगठा घेऊन आणि तीनशे तासवाले वर अंगठा घेऊन उभे असतात. मधले फार थोडे. खरं तर दोघं वेगवेगळ्या खेळांबद्दल बोलतायत.

इंदुरात ही मतं ऐकू येऊ लागली ती मात्र पीसीमुळे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘स्ले द स्पायर’ अँड्रॉइडवर आला, सप्टेंबर २०२४ मध्ये ‘बालाट्रो’ फोनवर आला, आणि भंवरकुआँच्या क्लासवाल्या पोरांपर्यंत गोष्ट पोचली. बालाट्रोत राक्षस नाहीत, पोकरचे हात आणि १५० जोकर आहेत. पण त्याच्यामुळे चौथं मत घराघरात उठलं, आणि ते खेळाडूंचं नव्हे, आयांचं : हा जुगार तर नाही? युरोपातही हाच घोळ झाला. खेळांना वयाचे शिक्के देणाऱ्या पेगी या तिथल्या संस्थेने २०२४ मध्ये त्याला १८ वर्षांवरच्यांचा शिक्का मारला, आणि अपिलानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये तो १२ वर आणला. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मावशीने मावसभावाला विचारलं, “आता तुझं ते पत्त्यांचं बंद होणार ना?” एकदा किंमत मोजून घेतलेल्या खेळात पैज नसते हे तिला समजावताना त्याची बहीण पहिल्यांदा त्याच्या बाजूने बोलली.

अलीकडे आमचे शनिवार ‘अ‍ॅक्रॉस द ऑबेलिस्क’मध्ये जातात. स्पेनमधल्या ड्रीमसाइट कंपनीचा, २०२२ मध्ये पूर्ण झालेला. चार वीर, प्रत्येकाचा आपला कॅट, आणि चार माणसं एकत्र खेळू शकतात. गोष्ट बेताचीच आहे, पण गेल्या शनिवारी सुपर कॉरिडॉरवाला गोष्टीबद्दल एक अक्षर बोलला नाही. तो वैद्य झाला होता आणि मावसभाऊ मरायला टेकला असताना त्याने भलतंच पान टाकलं. “अरे भिया, हातात औषध होतं ना तुझ्या?” मावसभाऊ ओरडला. आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला, “दश्शा गेला का रे कोणाचा?”